रेस्टच्या दिवशीची कोजागिरी

आश्विन वद्य पंचमी. वर्गणी जमली तीन रुपये दोन आणे. हजर : नीळूभाऊ गर्दे, त्यांच्या पत्नी कमलवहिनी, मुलगी सुधा, मुलगा बाळू, आणि शेजारचे आम्ही नवराबायको. आमचा थोरला तेव्हा सहा महिन्यांचा होता. त्याला मी हजेरीत धरलेलं नाही, कारण तो झोपला होता आणि त्यानं दूध घेतलं नाही. प्रसंग : कोजागिरी.

वाचणाऱ्यानं तिथी पुन्हा एकदा पाहिली असेल तर त्याचं काही चुकलं नाही. मीही पाहिली होती. कोजागिरी पौर्णिमेला असते आणि ती होऊन पाच दिवस झाले होते. आम्ही झाशीत नवे होतो. प्रेम नगरात घर घेतलं, त्याची आणि गर्द्यांची गच्ची एकच होती, मध्ये फक्त गुडघ्याएवढा कठडा. त्या कठड्यावरून नीळूभाऊंनी मला वर्गणी मागितली. मी रेल्वेच्या कचेरीत हिशेब तपासणारा माणूस, पैसे देण्याआधी विचारायची सवय. म्हटलं, "अहो गर्दे, कोजागिरी होऊन गेली."

"तुमच्याकडे झाली असेल, लेले. गर्द्यांकडे कोजागिरी रेस्टला असते."

"हे कुठल्या शास्त्रात आहे?"

"शास्त्रात नाही. गर्द्यांकडे आहे."

नीळूभाऊ मालगाडीवर गार्ड होते. मालगाडीच्या गार्डाला पंचांग नसतं. पौर्णिमेच्या रात्री ते बीनाच्या अलीकडे कुठल्या तरी लूपलाइनीत पडून होते, आणि मागून येणाऱ्या मेलगाड्या एकामागून एक त्यांना ओलांडून जात होत्या. घरी परतले, झोपले, रेस्ट, म्हणजे ड्यूटीनंतरची सुट्टी, मिळाली ती पंचमीला. तेव्हा कोजागिरीही पंचमीला.

पंचमीचा चंद्र उशिरा उगवतो. तोपर्यंत नीळूभाऊंनी गच्चीवर अंगीठी पेटवून दूध स्वतः आटवलं आणि थोडं लागूही दिलं. चंद्र वर आला तसं त्यांनी पेंगलेल्या बाळूला उठवलं. बाळू सहा वर्षांचा. त्यानं एकदा वर पाहिलं आणि म्हणाला, "बाबा, ये तो कटा हुआ है."

"उरलेला मागून येतोय," नीळूभाऊ म्हणाले. "मालगाडी आहे ती. एकदम सगळी दिसत नाही."

मग त्यांनी बंडीच्या खिशातून शिट्टी काढून फुंकली, हिरवा रुमाल हलवला, आणि आम्ही लागलेलं दूध प्यायलो. चव वाईट नव्हती.

नीळूभाऊ उंच, वाळके, मिशा कोळशाच्या धुरानं कायमच्या राखाडी झालेल्या. चालताना दर दहा-वीस पावलांवर मागे वळून पाहायचे. गाडीचे डबे सगळे येतायत ना, हे पाहण्याची ती सवय माणसांनाही लागू झाली होती. बाजारात निघाले की वहिनी, मुलं पुढे आणि हे शेवटी. लग्नाच्या पंगतीत शेवटच्या पानावर बसायचे. कुठलंही काम पुरं झालं की हात आडवा करून "ऑल राइट" म्हणायचे. आमच्याकडे सत्यनारायण झाला तेव्हा आरती संपल्यासंपल्या त्यांच्या तोंडून ते निघालं. भटजींनी तोवर प्रसादाला हात घातला नव्हता, तो लगेच घातला.

सण ते इतरांसारखेच पाळत, किंवा पाळत नसत, ड्यूटीप्रमाणे. पण त्यांचा खरा जीव होता तो त्यांच्या शब्दांत 'आपल्याकडच्या पद्धतीं'वर. या पद्धती फक्त शरदात असत. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत, फार तर चार दिवस पुढे. कारण विचारलं तर म्हणायचे, "झाशीच्या उन्हाळ्यात माणसानं जिवंत राहणं हाच कुळाचार. पावसाळ्यात लाइन वाहून जाते. थंडीत कुणी रजईतून बाहेर येत नाही. सगळं घर एका जागी, चांगल्या मिजाशीत बसेल असा काळ एवढाच असतो, तो वाया घालवू नये."

पद्धत कशी असावी याबद्दलही त्यांचं ठाम मत होतं. "पैसा लागला तर तो सण झाला. भटजी लागला तर विधी झाला. आणि बायकांना चुलीशी बसावं लागलं तर ती सजा झाली. पद्धत साधी पाहिजे."

सगळ्या पद्धती टिकल्या असं नाही. एका वर्षी त्यांनी जाहीर केलं की गर्द्यांकडे कार्तिकातल्या पहिल्या पहाटे अनवाणी दव तुडवत लक्ष्मी तालापर्यंत जायचं असतं. गेलो. वाटेत कुत्री मागे लागली, बाळूच्या पायात काटा गेला, आणि वहिनींनी तळ्याच्या काठावर उभं राहून एवढंच सांगितलं की गर्द्यांचे पूर्वज पुढच्या वर्षी एकटे आले तरी चालेल. नीळूभाऊंनी लाल रुमाल काढून हलवला. ती गाडी कायमची रद्द झाली. पुढच्या शरदात त्यांनी तिचं नावही काढलं नाही, जणू ती पद्धत गर्द्यांकडे कधी नव्हतीच.

सगळ्यात मोठी पद्धत रजईची. माठातलं पाणी ज्या सकाळी पहिल्यांदा दाताला गार लागेल तो रजईचा दिवस. हा निर्णय घरातल्या कुणीही द्यावा, पण पाणी पिऊन द्यावा, नुसतं बोट बुडवून नाही. मग घरातल्या सगळ्या रजया पेटीतून काढून गच्चीवर न्यायच्या, एकीवर एक रचायच्या आणि ढिगावर घरातल्या सगळ्यात धाकट्याला बसवायचं. तो गडगडत खाली आला की चढायची पाळी त्याच्यावरच्याची, असं करत करत थोरल्यापर्यंत. नीळूभाऊ शेवटी चढत. त्यांच्या वजनानं ढीग कधी कोसळला नाही, पण ते मुद्दाम गडगडत. त्या दिवशी जेवण म्हणजे गच्चीवरच खिचडी, आणि ती नीळूभाऊ करणार.

त्यात एक पोटनियम होता. ज्या दोघांचं भांडण चालू असेल त्यांना एका रजईखाली बसवायचं, तोंडावरून, पूर्ण झाकून. मिटलं की बाहेर यायचं. एका वर्षी हा नियम मला आणि माझ्या पत्नीला लागला. आमच्यात चार दिवस बोलणं नव्हतं. कारण होतं आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब. तिला हवा होता, मला तो वाजवीपेक्षा महाग वाटत होता. आमचं भांडण आहे हे गर्द्यांना कुणी सांगितलं ते मला आजही माहीत नाही. गच्ची एकच असली की सांगावं लागत नाही. मी म्हटलं, आम्ही गर्दे नाही. नीळूभाऊ म्हणाले, कठडा गुडघ्याएवढा आहे, लेले, एवढ्यानं गोत्र बदलत नाही. आम्हाला बसवलं. झाशीत त्या दिवसांत पाणी गार असतं, पण दुपारचं ऊन गार नसतं. पाच शेर कापसाच्या रजईखाली बसलं की वादाचे मुद्दे कळेनासे होतात. बाहेर आलो तेव्हा बंब घ्यायचं ठरलं होतं, आणि ते मीच बोललो होतो. नीळूभाऊंनी हात आडवा केला. "ऑल राइट."

दुसरी पद्धत शिंगाड्यांची. शरदात इकडची तळी शिंगाड्याच्या वेलींनी भरून जातात. मऊरानीपुरच्या बाजूला गाडी अडकली की नीळूभाऊ रेस्टला येताना ब्रेकच्या डब्यातून टोपलीभर शिंगाडे आणत. ते उकडायचे, गच्चीवर गोल बसायचं, आणि सोलायचे. नियम एकच : स्वतः सोललेला स्वतः खायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा, आणि दिलेला नाकारायचा नाही. उकडलेल्या शिंगाड्याच्या सालीनं बोटं काळी होतात, ती दोन दिवस काळीच राहतात. कचेरीत माझी बोटं पाहून साहेबांनी एकदा शाई सांडली का विचारलं. बाळूनं या नियमातून वाट काढायचा प्रयत्न केला होता. तो आणि आमचा थोरला समोरासमोर बसून एकमेकांनाच देत, म्हणजे शेवटी जेवढे सोलले तेवढे खाल्ले. नीळूभाऊंनी दोघांना उठवून वर्तुळाच्या दोन टोकांना बसवलं आणि म्हणाले, ही सिंगल लाइन नाही.

आता सुधाबद्दल. पंचमीच्या कोजागिरीला ती आठ वर्षांची होती. मोठी झाली तशी फार चलाख निघाली, गणितात तर माझ्याही चुका काढायची. पण लहानपणी घरात जे सांगितलं जातं ते कुणी तपासत नाही. गर्द्यांकडे असं असतं, हे तिनं आठव्या वर्षी ऐकलं, आणि ते तिच्यासाठी तुळशीच्या लग्नाइतकं जुनं होतं. गंमत अशी की इतक्या वर्षांत मीही कधी विचारलं नव्हतं. गर्दे मूळचे कोकणातले, तिकडे असतील असल्या रीती, असं मी समजून चाललो होतो.

सुधा एकोणीस वर्षांची झाली आणि खंडेराव गेटाजवळच्या दप्तरदारांकडून विचारणा आली. मुलगा वसंत, कॉलेजात शिकवायचा, शांत आणि सरळ. त्यानं सुधाला एका नातेवाइकाच्या लग्नात पाहिलं होतं आणि तिलाही तो पसंत होता, हे वहिनींनी माझ्या पत्नीला सांगितलं होतं, म्हणजे मलाही. अडचण होती ती घराण्याची. दप्तरदार मराठ्यांबरोबर दोनशे वर्षांपूर्वी झाशीत आलेले. त्यांच्या घरी अजून 'कोठी', 'माजघर', 'मुदपाकखाना' असले शब्द चालत, आणि वडील अण्णासाहेब प्रत्येक गोष्ट कुठल्या पिढीत सुरू झाली हे सांगू शकत. नीळूभाऊंकडे घराणं म्हणून दाखवण्यासारखं काही नव्हतं. सुधाचं जमावं असं त्यांना इतकं वाटत होतं की त्या आठवड्यात ते दोनदा शिट्टी घरी विसरून ड्यूटीवर गेले.

दसरा झाल्यावर दप्तरदार मुलगी पाहायला आले. अण्णासाहेब, त्यांच्या पत्नी माईसाहेब, आणि वसंत. आमच्याकडून शेजारी म्हणून मी. पोहे झाले, चहा झाला. अण्णासाहेबांनी आपल्याकडचे कुळाचार सांगितले : नऊ दिवसांचं नवरात्र, बोडण, चंपाषष्ठीचा खंडोबा, श्रावणातल्या शुक्रवारची सवाष्ण. त्यांचं झाल्यावर त्यांनी सुधाकडे पाहिलं. "मुलीला आपल्या घरचं ठाऊक असावं. सांग बेटा, तुमच्याकडे काय काय असतं?"

नीळूभाऊ खुर्चीच्या कडेवर आले. पण प्रश्न सुधाला होता आणि तिला उत्तर येत होतं. ती न अडखळता म्हणाली, "आमच्याकडे रजईचा दिवस असतो. शिंगाडे असतात. आणि कोजागिरी रेस्टला असते."

अण्णासाहेबांनी चहाची बशी खाली ठेवली. "गर्दे मूळचे कोकणातले ना?"

"हो," सुधा म्हणाली.

"कोकणात रजया?"

"तेव्हा थंडी जास्त पडत असेल."

"शिंगाडे?"

"तळी असतील."

"आणि कोजागिरी रेस्टला. तुझे पणजोबा काय गार्ड होते?"

सुधा थांबली. चलाख मुलगी ती. पुढचं उत्तर शोधताना तिला ते कुठेच नाही हे तिच्या तोंडावर दिसत गेलं. तिनं वडिलांकडे पाहिलं.

त्या वेळी नीळूभाऊंना काहीही सांगता आलं असतं. कोकण लांब आहे, कुणी चौकशीला जाणार नव्हतं. वहिनी दारातून त्यांना डोळ्यांनी तेच सांगत होत्या. एखादं कुलदैवत, एखादा नवस, दोन वाक्यांत भागलं असतं. नीळूभाऊंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"अण्णासाहेब, आमच्याकडे कुळाचार नाहीत. मी पाच वर्षांचा असताना आई-वडील एका आठवड्यात गेले. सागर गावात सात घरी वार लावून जेवलो. सोमवारच्या घरी खंडोबा, शुक्रवारच्या घरी बोडण. सगळ्यांचे कुळाचार जेवलो. माझा कुठला, हे सांगायला कुणी उरलं नव्हतं. मग नोकरी लागली. गार्डाला लोकांची घरं मागच्या बाजूनं दिसतात. दतियाच्या अलीकडे एकदा एका गच्चीवर सगळं घर रजयांवर बसून हसताना पाहिलं. बरुआसागरच्या तळ्याशी एक म्हातारा शिंगाडा सोलून बायकोच्या हातात देत होता. गाडी पुढे निघाली, तेवढंच दिसलं. बाकीचं मी जुळवलं. मुलांना सांगितलं, आपल्याकडे असं असतं. मी काढलंय म्हटलं असतं तर एक वर्ष केलं असतं त्यांनी."

सुधा हळू आवाजात म्हणाली, "तो फिर मैंने इन लोगों को क्या बताया?" घरात मराठी बोलणारी मुलगी, पण राग आला की हिंदीत जायची.

तेवढ्यात माईसाहेब बोलल्या. तोपर्यंत त्यांनी पुरण येतं का एवढंच विचारलं होतं. त्यांनी सुधालाच विचारलं, "रजईच्या दिवशी स्वयंपाक काय असतो?"

"खिचडी. गच्चीवर."

"कोण करतं?"

"बाबा."

"सोवळ्यात?"

"बाबा? नाही हो."

"आणि शिंगाडे कोण सोलतं?"

"सगळे."

"पुरुषही?"

"पुरुष आधी बसतात."

माईसाहेब नवऱ्याकडे वळल्या. "एकतीस वर्षं मी तुमचे कुळाचार रांधतेय. बोडणाच्या दिवशी चार वाजता पहिला घास मिळतो मला. या घरातून एवढं आपल्याकडे आलं तर मला चालेल."

"अहो, पण हे यांनी बनवलंय," अण्णासाहेब म्हणाले.

"तुमचंही कुणीतरी बनवलंच असेल. त्यानं फक्त खिचडी स्वतःकडे घेतली नाही."

वसंत खाली पाहत होता, पण त्याचे खांदे हलत होते. अण्णासाहेब हसले नाहीत. विचार करून निरोप पाठवतो, म्हणाले, आणि मंडळी उठली. नीळूभाऊ त्यांना पोचवायला टांग्यापर्यंत गेले. परतले तेव्हा सुधानं आतल्या खोलीचं दार लावून घेतलं होतं.

निरोप लवकर आला नाही. त्या दिवसांत सुधा वडिलांशी एक शब्द बोलली नाही. ती वहिनींना म्हणाली की लग्न जमो न जमो, पण अकरा वर्षं आपण खुळ्यासारखे रजयांवरून गडगडलो आणि हे पाहत बसले. वहिनींनी तिची समजूत काढायचा प्रयत्न केला, की तेही गडगडले होते. उपयोग झाला नाही. नीळूभाऊ रेस्टला घरी असले तरी गच्चीवर येत नसत. मला एकदाच म्हणाले, "लेले, खोटं नव्हतं हो ते. नवं होतं." कचेरीत अशी नोंद कुठल्या सदराखाली घालावी हे मला ठरवता आलं नसतं.

मधल्या काळात माठातलं पाणी गार झालं. आमच्याकडच्या माठातलं झालं म्हणजे गर्द्यांकडचंही झालंच असणार. पण निर्णय कुणी दिला नाही. दोन सकाळी गेल्या. गच्ची रिकामी. आमचा थोरला कठड्याशी उभा राहून पलीकडे पाहायचा आणि आत यायचा. त्याला सांगितलं, या वर्षी नसेल. तो म्हणाला, असं कसं, आपल्याकडे असतं ना?

तिसऱ्या सकाळी जिन्यात धपधप आवाज आला. सुधा डोक्यावर रजई घेऊन वर आली, ती टाकून पुन्हा खाली गेली, दुसरी घेऊन आली. चौथ्या खेपेला वहिनी आणि बाळू मागे होते. बाळू आता मिसरूड फुटलेला मुलगा, पण धाकटा तोच, त्यामुळे मुकाट्यानं ढिगावर चढून बसला. नीळूभाऊ शेवटी आले आणि जिन्याच्या तोंडाशीच थांबले.

"पाणी गार झालंय," सुधा म्हणाली. पहिलं वाक्य. "पिऊन पाहिलंय."

नीळूभाऊंनी मान हलवली.

मग तिनं एक रजई उचलली, सगळ्यात जाड, आणि जमिनीकडे बोट दाखवलं. "बसा."

नीळूभाऊ बसले. ती शेजारी बसली आणि रजई दोघांच्या डोक्यावरून ओढून घेतली. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मी कठड्याच्या आपल्या बाजूला होतो आणि तिथेच राहिलो. बराच वेळ रजई नुसतीच होती. मग ती हलायला लागली, आधी एका बाजूनं, मग दोन्ही. बाळू वरून म्हणाला, "ये हँस रहे हैं कि रो रहे हैं?" वहिनी म्हणाल्या, "तुला काय करायचंय, तू गडगड."

बाहेर आले तेव्हा दोघंही घामानं निथळत होते. सुधाचे केस कपाळाला चिकटलेले. ती म्हणाली, "पुढच्या वर्षी मी नसेन इथे. मला तिकडे रजया किती आहेत ते विचारून घ्या."

"निरोप यायचाय अजून," नीळूभाऊ म्हणाले.

"येईल. माईसाहेबांना खिचडी हवीय."

निरोप दुसऱ्याच दिवशी आला. होकार होता. वसंतनं घरी काय सांगितलं, आणि माईसाहेबांनी काय ऐकवलं, ते पुढे तुकड्यातुकड्यांनी कळलं. अण्णासाहेबांची एक अट होती : कोजागिरी त्यांच्याकडे पौर्णिमेलाच होईल. नीळूभाऊंनी ती मान्य केली. ते म्हणाले, वसंत मास्तर आहे, त्याला पौर्णिमेला सुट्टी मिळू शकते.

लग्नानंतर दोन वर्षांनी मी नीळूभाऊंना शेवटचं नीट पाहिलं. ते नोकरीतून निवृत्त झाले होते आणि माझी बदली जबलपूरला झाली होती. निघण्याआधी दप्तरदारांकडून बोलावणं आलं. गर्दे आणि लेले दोघांनाही, रजयांना. आम्ही टांग्यानं खंडेराव गेटाला गेलो.

दप्तरदारांची गच्ची आमच्या दोन्ही गच्च्या मिळून होईल त्याहून मोठी. रजया रचलेल्या होत्या, पण ढीग एक नव्हता, तीन होते. नीळूभाऊ सवयीनं त्या एकत्र करायला गेले. माईसाहेब म्हणाल्या, "राहू द्या, व्याहीबुवा. आमच्याकडे असं नसतं. लाल रजया पूर्वेला." का, असं नीळूभाऊंनी विचारलं नाही. शिंगाडे कापडाखाली झाकून ठेवले होते, मुहूर्त यायचा होता. खिचडी मात्र वसंत करत होता, आणि अण्णासाहेब सोवळं नेसून नव्हे, साधा सदरा घालून तांदूळ निवडत बसले होते. त्यांनी आम्हाला पाहून न पाहिल्यासारखं केलं. नीळूभाऊंना माईसाहेबांनी जिथे बसायला सांगितलं तिथे ते बसले. हात मांडीवर. जगात दुसऱ्या कुणी सांगितलेलं इतक्या आनंदानं ऐकताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. मधूनमधून माझ्याकडे झुकून हळूच म्हणत, "लाल रजया पूर्वेला. चांगलं आहे हे. सुचलं नव्हतं मला."

मुहूर्त आला, आम्ही गोल बसलो, शिंगाडे फिरायला लागले. सुधानं एक सोलला आणि वडिलांपुढे धरला.

नीळूभाऊंनी हात मागे घेतला. इकडे मुलीच्या सासरचं पाणीसुद्धा बाप पीत नाही. आपल्या मराठी घरांतही नातवंड होईपर्यंत तसंच असतं, आणि या गावात तर दोन्हीकडून. त्या घरी दोन वर्षांत त्यांनी सुपारीही तोंडात टाकली नव्हती. ते म्हणाले, "बेटा, मला चालत नाही. लेल्यांना दे."

"दिलेला नाकारायचा नाही," सुधा म्हणाली.

"तो नियम वेगळा, हा वेगळा."

"दोन्ही पाळा."

वर्तुळ थांबलं. सगळ्यांच्या हातात सोललेले शिंगाडे, बोटं काळी, आणि पुढचा कुणी घेईना. अण्णासाहेबांनी, दोनशे वर्षांच्या घराण्याच्या माणसानं, पहिल्यांदाच विषयात रस घेतला. म्हणाले, यावर तोड असेल तर ती गर्द्यांनीच काढावी, त्यांना सवय आहे.

नीळूभाऊंनी सदऱ्याचा खिसा चाचपला. घरी परतायच्या टांग्यासाठी ठेवलेली चवन्नी निघाली. ती त्यांनी सुधाच्या काळ्या तळहातावर ठेवली आणि शिंगाडा घेऊन तोंडात टाकला. बापानं फुकट खाल्लं नाही, आणि दिलेलं नाकारलंही नाही.

माईसाहेब म्हणाल्या, "हे दरवर्षी असंच."

नीळूभाऊंचं तोंड भरलेलं होतं. सुधा हसत त्यांच्याकडे पाहत होती आणि ते चावायचं विसरून गेले होते. मला ते तसेच आठवतात, उन्हात, एका गालात शिंगाडा.

त्या दिवशी दिलं गेलं ते एवढं : चार आणे, सुधाला, रोख. टांग्याचे चार आणे मी दिले, टांगेवाल्याला. ते परत करायचा विषय नीळूभाऊंनी काढला नाही, आणि मीही नाही.